पालकाचा मोबाइल नंबर

१२ जून, गुरुवार

देवूचं नाव यादीत आलं, पण प्रतीक्षा यादीत. तिसरा नंबर. नागपूरच्या त्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या जागा मुळातच मूठभर, त्यातल्या परराज्यातल्या पोरांसाठी चिमूटभर. आणि आम्ही म्हणे परराज्यातले! घरात चार पिढ्या मराठी, आरतीपासून भांडणापर्यंत सगळं मराठीत. बालाघाटात माझा जन्म गेला "मराठी मॅडम" म्हणवून घेण्यात, आणि नागपूरवाले म्हणतात तुम्ही एमपीचे. मग आम्ही राहतो तरी कुठं, वैनगंगेच्या पाण्यात?

ऑफिसातून आले तर घरात सगळे कोणी मेल्यासारखी तोंडं करून बसले होते. मधूचं तर विचारूच नका. पाठचा भाऊ आहे माझा, म्हणून बोलते. कोर्टासमोर टायपिंगचं टेबल होतं तोवर माणूस होता. आता टाइपरायटर पलंगाखाली आणि हा पलंगावर. "ताई, आता तूच सांग काय करायचं," म्हणाला. पोरगी याची आणि सांगू मी! त्याच्या बायकोनं, मंजूनं, माझा चहा आणून ठेवला आणि तीही हात पुसत तिथंच उभी. या घरात माझं कोणी ऐकत नाही, विचारायला मात्र सगळे माझ्याकडंच येतात.

देवू एकटी शांत होती. "आत्या, तिसरा म्हणजे तेवढा वाईट नाही. इंजिनिअरिंग लागलं का पोट्टे पळतात सोडून. जागा खाली होते."

मी म्हटलं, "आणि नाही झाली तर?"

"तर नाही. पण होईल," म्हणाली. हिचा हा स्वभाव कोणावर गेला, देव जाणे. बापावर तर नाही.

१५ जून, रविवार

यादीत राहायचं असेल तर ऑनलाइन संमती भरा, असं निघालं. देवू मोबाइलवर भरत होती, मी तिच्या हातून घेतला. एकोणीस वर्षांची होते, बाबा नोकरीत असताना गेले आणि अनुकंपेवर मला कचेरीत बसवलं. तेव्हापासून आवक-जावक शाखा आणि मी. शिक्का पाहिल्याशिवाय कोणाचा कागद मानला नाही आणि पोच घेतल्याशिवाय कोणाला दिला नाही. सोबतच्यांवर चौकश्या लागल्या, माझ्यावर बोट ठेवायची कोणाची हिंमत झाली नाही. फॉर्म कसा भरायचा ते मला शिकवता का?

दोन रकाने होते, विद्यार्थ्याचा मोबाइल आणि पालकाचा मोबाइल. दोन्हींत मी माझाच नंबर टाकला.

"आत्या, एकात तरी माझा टाक नं," देवू म्हणाली.

"तुझा कशाले? तुझा फोन अर्धा दिवस बंद. कधी चार्जिंग नाही, कधी बॅलन्स नाही."

"बाबांचा टाक मग."

बाबांचा! मधूच्या फोनचा रिचार्ज मीच मारते, तेव्हा तो वाजतो. मी म्हटलं, "माझा नंबर कधी बदलला नाही आणि माझा फोन पहिल्या घंटीले उचलल्या जाते." मंजू आतून म्हणाली, "ताईंचाच असू दे, देवू." मधूनं पेपरातून मान हलवली. देवू उठून गेली. रागावली असेल. आजकालच्या पोट्ट्यांना 'नाही' ऐकायची सवयच नाही.

१९ जून, गुरुवार

ऑफिसात आज मोठाच तमाशा. आमच्या शाखेतला भैयालाल स्वतःला भल्ला हुशार समजतो. त्याला कोण्या बँकवाल्याचा फोन आला आणि यानं विचारेल ते सगळं सांगून टाकलं. खातं साफ! दिवसभर टेबलावर डोकं टेकून बसला होता. मी पाणी दिलं आणि शिव्याही दिल्या. "मैडम, आवाज से तो पढ़ा-लिखा लग रहा था," म्हणे. अरे बावा, चोर काय आता अंगठाछाप राहतील?

साहेबांनी लगोलग परिपत्रक काढलं. अनोळखी फोनवर कोणतीही माहिती देऊ नये, घाई करणाऱ्यांपासून सावध राहावे, वगैरे. सगळ्या शाखांत मीच फिरवलं आणि एकेकाची सही घेतली. दोघं-तिघं न वाचताच सही करत होते. त्यांना उभं करून वाचून दाखवलं.

२२ जून, रविवार

घ्या, आज मलाच आला! जेवायला बसलो होतो. "मैम, आपकी बच्ची का नागपुर में वेटिंग है ना? मैनेजमेंट कोटे से करवा देंगे, बस थोड़ा टोकन भेज दीजिए." यांना आमच्या पोरींची नावं देते तरी कोण?

मी हात धुतला आणि नीट बसले. म्हटलं, तेरा नाम क्या है? पद क्या है? किस कार्यालय से बोल रहा है? पत्र का क्रमांक और दिनांक बता. तो "मैम, मैम" करत राहिला. शेवटी म्हटलं, लिखकर भेज, सील-साइन के साथ. त्यानंच फोन ठेवला. देवूनं नंबर ब्लॉक कसा करायचा ते मला दाखवलं, एकदा दाखवल्यावर मी स्वतः केला. मधूनं टाळी वाजवली, मंजू पदराआड हसत होती. देवूही हसली, म्हणाली, "आत्या, बिचाऱ्याले घाम फुटला असेल." भल्लं बरं वाटलं.

२५ जून, बुधवार

आज कोणाला सांगता येणार नाही असं लिहिते. देवू गेली तर घरात माझ्याशी बोलेल कोण? मधू "हौ ताई" म्हणतो, मंजू "हौ ताई" म्हणते, आणि झालं. ही एक आहे जी मला म्हणते, आत्या, तू फेकून राह्यली. परवा कांदे चिरता चिरता मला सांगत होती की आपल्या पायाखालचा दगड हिमालयाहूनही जुना आहे. मी म्हटलं, असेल बापा, मले काय त्याचं. पण ती बोलत होती तर ऐकावं वाटत होतं.

नववीत शाळेनं भरवेलीची मॅंगनीजची खाण दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून पोरीच्या डोक्यात दगड. खिडकीत काळ्या ढेकळांची रांग, मंजू फेकते आणि ही वेचून आणते. आता बायकांनाही खाणीत खाली उतरू देतात म्हणे. मला उतरायचं आहे, म्हणते. मी बावीस वेळा म्हटलं, बीएड कर, घराजवळ राहशील. ऐकत नाही.

नाही लागला नंबर तर मला वाईट वाटेल की बरं? वाईटच वाटेल. मी काय राक्षस आहे का?

२८ जून, शनिवार

देवू पहिल्या नंबरवर आली! पुढचे दोघं एकाच दिवशी लागले. सकाळी तिनं ओरडून सांगितलं तेव्हा माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटता सुटता राहिलं. मंजूनं गादीची खोळ शिवायला काढली, मधू आपण होऊन उठला आणि माळ्यावरची पेटी खाली घेतली. मला पाहवलं नाही ते. म्हटलं, आधी लागू तर द्या, मग बांधा पेट्या.

देवू माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, आता यादी नाही लावत ते. उरलेली जागा फोनवरच देतात. पहिल्याले लावतात, त्यानं नाही म्हटलं का दुसऱ्याले. तुलेच येईल फोन. उचलशील, हौ?"

"मी फोन नाही उचलला असं कधी झालं का?"

"नाही झालं. पण फक्त हौ म्हणजो. दुसरं काही विचारू नको."

मला हसू आलं. पोरगी मला शिकवते फोनवर कसं बोलायचं! सूचना मी स्वतः वाचली. "दूरध्वनीद्वारे कळविण्यात येईल." म्हणजे कॉलेजचा फोन, ०७१२ नं सुरू होणारा, आणि बोलणारे रजिस्ट्रार नाही तर निदान प्रवेश शाखेचे मोठे बाबू. चार माणसांसारखं बोलणं होईल, मी नाव-गाव लिहून घेईन आणि हौ म्हणेन. त्यात काय आहे?

१ जुलै, मंगळवार

दुपारी डाकेच्या वेळेस, टेबलावर हा ढीग, आणि मोबाइल वाजला. नंबर साधा मोबाइलचा. एक पोरगी, मागं बाजारासारखा गोंगाट. "देवश्रीचे पालक बोलता का? अॅडमिशनसाठी फोन केला होता. एक जागा खाली झाली आहे. घेणार का? हो-नाही लगेच सांगा, मला पुढच्यांना लावायचा आहे."

लगेच सांगा! तिथंच मी ओळखलं. घाई करणं हीच यांची खूण, परिपत्रकात पांढऱ्यावर काळं होतं. त्या रविवारी कोट्यावाल्याची डाळ शिजली नाही, आता मराठी बोलणारी पोरगी बसवली.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"मॅडम, मी कॉलेजमधून बोलून राहिली."

"पद काय?"

यावर चूप. सापडली! मी म्हटलं, "कॉलेजले फोन नाही का? स्वतःच्या मोबाइलवरून कशाले बोलून राह्यली?"

"लाइन बंद आहे मॅडम. प्लीज, हो का नाही, तेवढंच सांगा."

"असं नाही होत बाई. कॉलेजच्या कागदावर लेखी पाठव, सही-शिक्क्यानिशी. आम्ही विचार करून लेखी कळवू."

"तेवढा वेळ नाही मॅडम. मग मी तुमचं नाही समजू का?"

"तुले जे समजायचं ते समज. पुन्हा फोन आला तर नंबर सायबर ठाण्यात देईन." कापला आणि ब्लॉक केला, देवूनं शिकवलं तसा.

सगळी शाखा ऐकत होती. भैयालाल म्हणाला, "मैडम, उस दिन आप बगल में होतीं तो मैं बच जाता." मला चहा पाजला त्यानं. घरी यातलं काही बोलले नाही. पोरीचा जीव आधीच टांगणीला, त्यात चोरांच्या गोष्टी कशाला.

४ जुलै, शुक्रवार

देवू रोज दारातच विचारते, "आत्या, फोन?" मी म्हणते, कामाचा एकही नाही. खरंच नाही. मी तर मोबाइल न्हाणीच्या दारापर्यंत नेते. नागपूरवाल्यांना काही घाई आहे का! सरकारी असो की खाजगी, काम न करण्याची लाज एकालाही नाही.

८ जुलै, मंगळवार

प्रवेश बंद. जागा भरल्या. भरल्या म्हणजे काय? पहिला नंबर आमचा! देवूच्या मागचा लांजीचा पोरगा लागला, तेजराम नावाचा. देवूच्या मोबाइलवरच्या ग्रुपात त्यानंच टाकलं. हा उघड उघड वशिला आहे. कोण्या आमदाराचं पत्र असेल, नाही तर दुसरं काही. मधूला म्हटलं, बस असाच, पोरीचा हक्क मारला आणि तू बस! तो बसला.

देवू मोबाइल पाहत होती. "आत्या, त्याले मंगळवारी दुपारी फोन आलता म्हणते. मागच्या मंगळवारी. त्या दिवशी तुले कोणाचाच फोन नाही आला?"

"नाही वो. एक फ्रॉडवाली होती, तेवढीच."

"काय म्हणे ती?"

"तेच त्यांचं. जागा खाली आहे, लगेच सांगा. दिली हाकलून."

देवूनं मोबाइल पालथा ठेवला. मग भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवलीही नाही. अन्यायानं पोरगी पार खचली. मी सोडणार नाही त्यांना. शुक्रवारची रजा टाकली. नागपूरला जाते, तिला घेऊन, आणि तिथं त्यांच्या टेबलावर हात आपटून विचारते.

१० जुलै, गुरुवार

देवू म्हणते, नको जाऊ आत्या, काही होत नाही आता. मी म्हटलं, अशीच माघार घेत गेली तर आयुष्यभर लोक पुढं जातील तुझ्या. म्हणे, माझं डोकं दुखून राह्यलं, तू एकटीही जाऊ नको. चार-चारदा तेच. मंजूजवळही म्हणाली म्हणे, आत्याले जाऊ देऊ नको. इतकी भित्री कधी झाली ही? चाल म्हटलं गुपचूप, तुझ्यासाठीच चालली मी.

११ जुलै, शुक्रवार

गोंदियापर्यंत पॅसेंजर, पुढं नागपूरची गाडी. सगळ्या वाटेनं देवू खिडकीबाहेर पाहत होती. तिकडं धानाची रोवणी चालली होती, चिखलात बाया वाकलेल्या. मी मनात बोलणं जुळवत होते. कोणत्या नियमाखाली, कोणाच्या सहीनं, कोणत्या तारखेला.

प्रवेशाची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. दोन टेबलं, पोरांची गर्दी, एक पंखा, तोही आवाजच करणारा. टेबलावर देवूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी एक पोरगी, एका कानाला फोन, दुसरा फोन हातात. मी सरळ पुढं झाले.

"पहिल्या नंबरले सोडून मागच्याले जागा कोणी दिली?"

तिनं फोन खाली ठेवला. "कोणता कोर्स मॅडम?"

"भूगर्भशास्त्र. परराज्याचा कोटा. आमची पोरगी पहिली होती. तिले काहून सोडलं, ते मले लेखी पाहिजे. सही-शिक्क्यानिशी. लेखी घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

ती माझ्याकडं पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही बालाघाटच्या का?"

आवाज. फोनवरचा तोच आवाज. मागं तोच गोंगाट, बाजारासारखा.

"मीच लावला होता तुम्हाला फोन," ती म्हणाली. "तुम्ही माझं पद विचारलं होतं."

मी टेबलापासून एक पाऊल मागं सरले.

"पद नाही आहे मॅडम मला. मी अॅडमिशनपुरती असते, कंत्राटावर. फोनही माझाच वापरतो, यांची लाइन नेहमीच बंद राहते. मी तुम्हाला नंतर दोनदा लावला, म्हटलं पोरीचं नुकसान होईल. लागतच नव्हता. मग सरांनी पुढच्याला लावायला सांगितलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. तिनं माझ्यासाठी बाजूची खुर्ची ओढली, "बसा मॅडम, पाणी देऊ का?" म्हणाली. आजूबाजूचे पोट्टे पाहत होते.

मी देवूकडं वळले. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. धक्का नाही, रडू नाही, काही नाही. माझा दंड धरून म्हणाली, "आत्या, चाल. गाडी सुटते."

गोंदियाला आम्ही गाडी बदलली. मग मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हौ. तू मंगळवारचं सांगतलं तेव्हाच समजलं."

"मग सांगतलं काहून नाही? मले तिथंपर्यंत काहून येऊ दिलं?"

"म्हटलं नं आत्या, नको जाऊ. किती वेळा म्हटलं." मग खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "तू ऐकली असती का?"

१३ जुलै, रविवार

तिनं नाव सांगायला पाहिजे होतं. एवढं मी अजूनही म्हणते. नाव सांगितलं असतं, कॉलेजचं काही चिन्ह दाखवलं असतं, तर मी काय वेडी आहे का नाही म्हणायला?

पण तिचा आवाज चोराचा नव्हता. थकलेल्या पोरीचा होता. मला तेव्हा एक क्षणही वाटलं नाही का, की ही खरी असेल? वाटलं असेल. एक फोन उलटून करायला किती वेळ लागतो? डाकेचा ढीग थांबला असता. मी नाही केला, आणि वर चहा प्याले.

खरंच मला ती चोर वाटली, की मला हौ म्हणायचंच नव्हतं? हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

१६ जुलै, बुधवार

देवूनं इथल्याच कॉलेजात नाव घातलं. भूगर्भशास्त्र मिळालं नाही, रसायनशास्त्र घेतलं. घरी तिनं एवढंच सांगितलं की यादी बंद झाली. बाकी एक शब्द नाही. मी समोर बसून होते.

आणि घरातले तिच्यावर तुटून पडले. मधू म्हणाला, "दोन टक्के आणखी पाडले असते तर ही पाळी आली नसती." मंजू म्हणाली, "मोबाइल कमी पाह्यला असता तर." वर म्हणे, "ताई तुझ्यासाठी रजा टाकून नागपूरले गेल्या, त्याची तरी जाण ठेव." देवूनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि ताटं उचलली. मी तिथंच होते. उठून हात धुतले आणि झोपायला गेले. दिवसभर लोकांना खडसावणारी मी!

२० जुलै, रविवार

आज सांगितलं. पोरीला आणखी किती दिवस बोलणी खाऊ देऊ? सगळे जेवायला बसले होते. मी म्हटलं, मधू, मंजू, ऐका, देवूची जागा मी घालवली. कॉलेजचा फोन आला होता आणि मी त्या पोरीला चोर समजून हाकललं, वर नंबर ब्लॉक केला. मार्कांचं काही नाही, मोबाइलचं काही नाही. सगळं माझं आहे.

वाटलं, आता मधू ताट भिरकावेल. मंजू रडेल, मला वाट्टेल ते बोलेल. मी तयारी करून बसले होते. खरं सांगायचं तर मला ते पाहिजे होतं.

मधूनं मंजूकडं पाहिलं. मंजूनं मधूकडं. मग मधू वरणाच्या वाटीत बोट फिरवत म्हणाला, "ताई, अनोळखी नंबरवर हौ तरी कोण म्हणते? पेपरात रोज वाचून राह्यलो आपण."

"मी असती तर मीही तेच केलं असतं," मंजू म्हणाली. "कॉलेजवाल्यांचीच चूक. काही पद्धत असते का नाही?"

"अरे, शिव्या दे मले!" मी ओरडले. "पोरीचं नुकसान केलं मी तुझ्या. बाप आहेस का कोण आहेस? दे शिव्या!"

"असं काहून बोलतेस ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "तुझ्यावर तर घर चालते. तुले कोण बोलेल?"

तेव्हा समजलं मला. एवढी वर्षं मी ज्याला मान समजत होते, तो मान नव्हता. माझ्यावर रागावणं या दोघांना परवडतच नाही. पोरीचं आयुष्य मी उधळून टाकलं आणि तिचा बाप मलाच समजावत होता, कारण एक तारखेला पगार माझा येतो. मला त्याची किळस आली आणि स्वतःची त्याहून जास्त.

मी देवूकडं पाहिलं. ही तरी बोलेल. हिनं मला तोंडावर बोलायचं कधी सोडलं नाही. भांड माझ्याशी, म्हटलं, देवू, तू तर बोल.

तिनं घास संपवला. पाणी प्याली. आणि अगदी मंजूसारख्या, खालच्या आवाजात म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही, आत्या."

बोलायला लागली तेव्हापासून ही पोरगी मला तू म्हणत आली.

मग ती आपलं ताट घेऊन उठली. मंजूनं विचारलं, ताई, भात वाढू का. मी हौ म्हटलं.